सत्कार पुरे, आता सराव द्या

दरवर्षी ३ डिसेंबर जवळ आला की आमच्या सीमाभागात तालुक्याच्या गावांतली मंगल कार्यालयं एका दिवसासाठी ठरवली जातात. जागतिक दिव्यांग दिन. खानापूर असो, निपाणी असो की चिकोडी, कार्यक्रमाचा क्रम ठरलेला. मुलांना सकाळी लवकर आणून पुढच्या रांगेत बसवतात. पाहुणे येतात, दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, भाषणांतून जिद्दीचं कौतुक होतं, काहींना तीनचाकी सायकल मिळते. दुपारी जेवून मुलं घरी जातात. हे करणारी माणसं मनापासून करतात, त्यांच्या हेतूबद्दल मला जराही शंका नाही. पण ज्या आत्मविश्वासाबद्दल तिथं इतकं बोललं जातं, तो त्या मांडवात तयार होत नाही. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून आयुष्याचा मोठा भाग मैदानावर गेल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. अपंग मुलाला टाळ्या कमी मिळाल्या तरी चालतील, आठवड्यातून दोनदा घाम गाळायला जागा मिळाली पाहिजे. आणि ती जागा बेंगळुरूला असून उपयोग नाही. ती त्याच्या गावापासून बसच्या एका तिकिटावर हवी.

शाळेतल्या खेळाच्या तासाला अपंग मूल काय करतं, हे ज्याला बघायचं त्यानं बघावं. ते दप्तरं राखतं. इतरांनी काढून ठेवलेल्या चपला, पाण्याच्या बाटल्या, कुणाचं घड्याळ, कुणाचं कंपासपेटीतलं दहा रुपयांचं नाणं. शिक्षक जरा बरा असला तर गुण मांडायला वही देतो, एखाद दिवशी शिट्टी देतो. पहिलीपासून दहावीपर्यंत हेच. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. पडलं-झडलं तर घरच्यांना काय सांगायचं, ही धास्ती असते आणि ती घरातही तितकीच असते. "त्येला कशाला मैदानात नेताय सर, हाय ते बरं हाय की," असं म्हणणारी आई मायेपोटीच म्हणते. पण मूल त्यातून एक धडा घेतं: आपलं शरीर हे जपायचं, झाकायचं, दुसऱ्यानं उचलून इकडून तिकडे ठेवायचं आहे, त्यानं काही करायचं नाही. पंधराव्या वर्षापर्यंत हा धडा इतका मुरतो की पुढे व्यासपीठावरून कुणी कितीही वेळा 'तू करू शकतोस' म्हटलं तरी आत काही हलत नाही.

का हलत नाही, याचं उत्तर मानसशास्त्रानं दिलेलं आहे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'मला हे जमेल' हा भरवसा माणसात चार वाटांनी येतो. स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यातली सगळ्यात भक्कम वाट पहिली. स्वतः करून पाहिलेलं मन विसरत नाही. नुसता शब्दांचा धीर मात्र पहिल्या अपयशाला गळून पडतो. आपले सत्कार समारंभ नेमके या तिसऱ्या, कच्च्या वाटेवर उभे आहेत. मैदान पहिल्या दोन वाटा एकदम उघडतं: मूल स्वतः करतं आणि शेजारी आपल्यासारखंच दुसरं मूल करताना बघतं.

ही गोष्ट युरोपात युद्धाच्या राखेतून कळली. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांच्याकडे पाठीचा कणा मोडलेले सैनिक येत. अशा रुग्णांना अंथरुणावर ठेवायचं आणि वाट बघायची, अशीच तोवरची रीत होती. गुटमननी त्यांना उठवून बसवलं, कामाला लावलं, खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जखमी स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढं १९६० मध्ये रोमला पहिलं पॅरालिम्पिक भरलं. लक्षात घेण्यासारखं हे की गुटमन डॉक्टर होते आणि खेळ त्यांच्या लेखी उपचाराचाच भाग होता. आपल्याकडे अजूनही तो उपचार, शिक्षण, पेन्शन सगळं उरकल्यावर जमलं तर करायचा कार्यक्रम समजला जातो.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येतो, कारण आत्मविश्वास नेमका कुठून येतो ते खेळाच्या नियमांत दिसतं.

अंधांचं क्रिकेट घ्या. चेंडू कडक प्लास्टिकचा, आत छर्रे, त्यामुळे तो खुळखुळत येतो. गोलंदाजी खालून, जमिनीलगत. गोलंदाज विचारतो, "रेडी?" फलंदाज म्हणतो, "येस." मग "प्ले!" म्हणत चेंडू सुटतो. त्या क्षणी सगळं मैदान चिडीचूप असावं लागतं, कारण फलंदाजाला चेंडू कानानं बघायचा असतो. हे सगळं लोकांना साधारण ठाऊक असतं. पण या खेळाचा खरा जीव संघाच्या रचनेत आहे. अकरा जणांत किमान चार खेळाडू पूर्ण अंध असावेच लागतात. बाकीचे अंशतः दिसणारे. आणि पूर्ण अंध फलंदाजानं काढलेली प्रत्येक धाव दुप्पट धरली जाते.

याचा अर्थ काय होतो बघा. घरात, लग्नात, एसटीत, वर्गात जो मुलगा कायम 'आणि हा पण' म्हणून बरोबर असतो, त्याच्याशिवाय इथं संघ उभाच राहू शकत नाही. त्याला घेणं हा उपकार उरत नाही, ती गरज होते. कर्णधाराला त्याच्या घरी जाऊन म्हणावं लागतं, "उद्या ये बाबा, तू नसलास तर चौघे होत नाहीत." सोळा-सतरा वर्षांच्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं म्हणत असेल तर त्याच्या चालण्यात फरक पडणारच. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्येही हेच तत्त्व आहे. प्रत्येक खेळाडूला त्याच्या हालचालीच्या क्षमतेप्रमाणे १ ते ४.५ असे गुण असतात, सर्वांत मर्यादित हालचालीच्या खेळाडूला १, आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. म्हणून सगळे धडधाकट हातांचे, मजबूत पोटाचे खेळाडू घेऊन संघ करताच येत नाही. ज्याचं अपंगत्व जास्त, त्याच्या वाट्याचं काम संघात ठरलेलं असतं: प्रतिस्पर्ध्याची खुर्ची अडवणं, बास्केट करणाऱ्या आपल्या खेळाडूला वाट मोकळी करून देणं. समाजात जे जमलेलं नाही ते या खेळांनी नियमपुस्तकात लिहून जमवलं आहे. दिव्यांगांच्या खेळांकडे मी फक्त पदकांसाठी बघत नाही ते यासाठी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये भारत आणि श्रीलंकेत अंध महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक झाला. कोलंबोच्या अंतिम सामन्यात नेपाळला हरवून भारतानं तो जिंकला. कर्णधार कर्नाटकची दीपिका टी. सी., उपकर्णधार महाराष्ट्राची गंगा कदम. आमच्या सीमाभागातल्या घराघरांत ही दोन नावं एका दमात घेतली जावीत, असं मला मनापासून वाटतं.

एक उदाहरण मला जवळून पाहायला मिळालं. ऊस आणि जनावरं असलेल्या आमच्या पट्ट्यात कडबाकुट्टीच्या यंत्रात हात जाणं ही नवी गोष्ट नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचा उजवा हात असाच मनगटाच्या वरून गेला. सातवीत होता. परत शाळेत आला तो कोपर सदऱ्याच्या आत दडवून. बोलणं बंद, वर्गात शेवटचा बाक. त्याच्या डाव्या हातात गोळा दिला तेव्हा पहिल्या दिवशी तो पायाशीच पडला. उजव्या हाताचा भार नसला की फेकताना अंग एका बाजूला कलतं, तोल जातो. त्यामुळे आधी गोळ्याविना नुसतं वळायला शिकावं लागतं. महिनाभर तेच चाललं. मग फेक मोजायला सुरुवात केली. टेप धरायला वर्गातली दोन पोरं, आकडा त्यानं स्वतः वहीत लिहायचा. पुढच्या आठवड्यात आधीच्यापेक्षा चार बोटं जास्त. एखाद दिवशी कमी. कमी आलं की तो चिडायचा, आणि मला त्या चिडण्याचा फार आनंद व्हायचा, कारण अपघातानंतर त्याला कशाचीच चीड येत नव्हती. वर्षाअखेरीला तो आखूड बाह्यांचा शर्ट घालून मैदानात यायला लागला. 'हात झाकू नकोस' असं त्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं. लांब बाही वळताना मध्ये येत होती, म्हणून त्यानं ती सोडली.

मी आत्मविश्वास म्हणतो तो हा. त्याच्यावर भाषण करता येत नाही, तो कामाच्या ओघात येतो. वहीतला आकडा खोटं बोलत नाही आणि दयाही करत नाही. तीन मीटर दहा म्हणजे तीन मीटर दहा.

इथं सरकारी कागद आणि खेळ यांतला फरकही सांगायला हवा. अपंगत्वाचा दाखला, आता युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशपातळीवरचं ओळखपत्र), हे टक्क्यांत बोलतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सवलतींना पात्र. त्यासाठी मूल आणि आईबाप जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्या मारतात आणि प्रत्येक फेरीत त्या मुलाला काय काय येत नाही, हे नव्यानं सिद्ध करावं लागतं. सवलतींसाठी तो कागद हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. खेळातलं वर्गीकरण मात्र वेगळ्या नजरेनं बघतं. दृष्टी, हात, पाय, मेंदूचा पक्षाघात, उंची, बौद्धिक क्षमता यांनुसार वर्ग पडतात. मैदानी खेळांत ११ ते १३ दृष्टीचे, २० बौद्धिक, ३१ ते ३८ सेरेब्रल पाल्सीचे, ४५ ते ४७ हाताचे, ५१ ते ५७ बसून खेळणाऱ्यांचे. उद्देश एवढाच की साधारण सारखी क्षमता असलेले एकमेकांविरुद्ध उतरावेत. आयुष्यभर धडधाकट भावाशी तुलना झालेल्या मुलाला इथं प्रथमच बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळतो. हरला तर 'बिचारा' म्हणून हरत नाही, समोरच्यानं जास्त मेहनत घेतली म्हणून हरतो. या हरण्याची किंमत फार मोठी आहे.

"पण आधीच खचलेली पोरं, त्यात पराभव कशाला?" असा प्रश्न मला अनेक चांगल्या शिक्षकांनी विचारला आहे. माझं उत्तर असं की आपण त्यांना हरूच देत नाही, हाच त्यांच्यावरचा अन्याय आहे. तालुक्याच्या मेळाव्यात संगीत खुर्ची होते आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सारखंच बक्षीस मिळतं. चौथी-पाचवीच्या पोरांना ते चालेल. अठरा वर्षांच्या तरुणाला कळतं की हे बक्षीस आपल्या कामाला नाही, आपल्या पायाला आहे. मग तो ते घरी नेऊन माळ्यावर टाकतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोक म्हणतात, पेन्शन वेळेवर येत नाही, दाखल्याला महिने लागतात, नोकरी नाही, आणि तुम्ही खेळ कसले घेऊन बसलात? दिव्यांगांचे प्रश्न धसास लावणारे कार्यकर्ते हे म्हणतात तेव्हा मी नीट ऐकतो, कारण ते खरं बोलतात. पण या मागण्या लढणार कोण? तहसीलदार कचेरीत जाऊन 'माझा अर्ज कुठवर आलाय' हे स्वतःच्या तोंडानं विचारणारा तरुण घडवायचा असेल तर तो आधी कुठंतरी आपल्या शरीरानिशी चार लोकांत उभा राहायला शिकलेला असावा लागतो. कोल्हापुरात १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड' उभी करणाऱ्या नसीमा हुरझुक स्वतः व्हीलचेअरवर आहेत. त्यांच्या संस्थेनं वसतिगृह, शाळा, रोजगार अशी सगळी बांधणी केली, आणि दिव्यांगांनीच दिव्यांगांसाठी उभं राहायचं हा त्यामागचा धागा आहे. खेळ हा त्या बांधणीचा पाया घालणारा एक हात आहे. तो पेन्शनची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये. मैदानावर कमावलेला भरवसा कॉलेजच्या पायऱ्यांशी येऊन थांबतो, रॅम्प नसेल तर. म्हणून जो खेळाची मागणी करतो त्यानं रॅम्पचीही मागणी करायला हवी.

कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्याच्या सोळाव्या कलमात शाळांनी या मुलांना खेळ आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यावी असं आहे. तिसावं कलम तर केवळ खेळाचं आहे: सरकारनं दिव्यांगांचा खेळातला सहभाग प्रत्यक्षात यावा म्हणून पावलं उचलायची, सुविधांसाठी पैसा ठेवायचा. म्हणजे दप्तरं राखणाऱ्या त्या पोराला खेळात घेणं ही शिक्षकाची मेहेरबानी नाही, ते त्याचं कर्तव्य आहे.

आणि पुरावा हवा असेल तर तो फार लांब नाही. पॅरालिम्पिकमध्ये भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारे मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग गेलेला हा लष्करी मुष्टियोद्धा १९७२ मध्ये हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहला. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधल्या शेहेचाळीस वर्षांत पेटकर पेटकरच राहिले. सन्मान उशिरा आला म्हणून त्यांचं काही अडलं नाही. पोहायला तलाव मिळाला नसता तर मात्र सगळंच अडलं असतं. त्याच जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी शाळकरी वयात सायकलवरून पडले आणि हात कायमचा अधू झाला. २०२४ मध्ये पॅरिसला त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य जिंकलं. कर्नाटकाच्या बाजूनं बघितलं तर हासनच्या गिरीश यांनी २०१२ मध्ये लंडनला उंच उडीत रौप्य आणलं आणि मालती होळ्ळ यांनी त्याच्याही कितीतरी आधी व्हीलचेअरवरून देशासाठी पदकं मिळवली. खुद्द बेळगावात मोईन जुन्नेदी हा जलतरणपटू आहे. जन्मापासून हाडं इतकी ठिसूळ की साध्या धक्क्यानं मोडावीत. अशा मुलाला आईबापांनी कापसात गुंडाळून ठेवलं असतं तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी पाण्यात सोडलं. पाण्यात शरीराचा भार हाडांवर पडत नाही, म्हणून जमिनीवर जे अशक्य ते तिथं शक्य झालं, आणि बेळगावच्याच तलावावर, बेळगावच्याच प्रशिक्षकांच्या हाताखाली तो राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोचला.

पॅरिसमध्ये भारताला २९ पदकं मिळाली, टोकियोत १९ मिळाली होती. या आकड्यांचा मला अभिमान आहे. पण धोरण पदकांवरून ठरवू नये. पदकाच्या वाटेवर हजारात एखादा जाणार. २०११ च्या जनगणनेत देशात २.२१ टक्के लोकांनी अपंगत्व नोंदवलं. बेळगाव जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या सुमारे ४८ लाख. तेच प्रमाण धरलं तर एका जिल्ह्यात लाखभर माणसं होतात. मला काळजी आहे ती पॅरिसला न जाणाऱ्यांची. कणकुंबीच्या, जांबोटीच्या, कागवाडच्या त्या मुलीची, जिला कधी कुठल्याच स्पर्धेत जायचं नसेल, पण शनिवारी दुपारी चेंडू हातात घ्यायला आवडेल.

आता सीमाभागाची म्हणून जी अडचण आहे तिच्याकडे. आमचं मूल कर्नाटकाचं रहिवासी, म्हणून निवड चाचणी कर्नाटकाची, ती बहुधा बेंगळुरूला. बेळगावाहून पाचशे किलोमीटर. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास, बरोबर एक मोठं माणूस, त्याचा बुडालेला रोजगार. कोल्हापूर-मिरज दोन-तीन तासांवर. उपचाराला, जयपूर फूट बसवायला, नातेवाइकांकडे आमची माणसं तिकडंच जातात. तिथं सराव करता येतो, पण तिथून खेळता येत नाही. अपंगत्वाचा दाखला मात्र कायद्यानं देशभर ग्राह्य आहे. मग सीमेलगतच्या मुलांना शेजारच्या राज्यातल्या केंद्रावर सराव करण्याची अधिकृत मुभा आणि त्यासाठीचा प्रवासखर्च दोन्ही सरकारांनी मिळून का देऊ नये? सीमाप्रश्न न्यायालयात जितकी वर्षं चालायचा तितकी चालो. पोराचं खेळायचं वय त्याच्यासाठी थांबत नाही.

भाषेचंही तसंच. सूचनापत्रकं, अर्ज, प्रशिक्षकांच्या सूचना कन्नडमध्ये असतात. धडधाकट मूल समोरच्याचं बघून करतं, निभावून नेतं. पण पूर्ण अंध मुलगी लांब उडीसाठी धावत असते तेव्हा तिच्यासाठी दिशा म्हणजे समोरून येणारी हाक. ती हाक तिला विचार न करता कळायला हवी. मनात भाषांतर करेपर्यंत पाय फळीच्या पुढं गेलेले असतात. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना तर घरच्या भाषेपलीकडची सूचना पोचतच नाही. म्हणून मराठी मुलांसाठी मराठीत बोलणारा सहायक मागणं हे कन्नडच्या विरोधात नाही. बेळगावच्या मैदानांवर मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी पोरं कायम एकाच संघात खेळत आली आहेत. दोन्ही भाषा बोलणारे तरुण आमच्याकडं गल्लोगल्ली आहेत. त्यांना पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आणि थोडं मानधन द्या, प्रश्न सुटतो.

"साहित्य महाग असतं" हे कारण मला पटत नाही. शर्यतीची किंवा बास्केटबॉलची खास खुर्ची महाग असते, हे खरं. पण सुरुवात तिथून करायची गरजच नाही. बसून गोळा किंवा भाला फेकण्यासाठी लागते ती एक भक्कम चौकट, उंची बसण्याच्या उशीसह ७५ सेंटिमीटरच्या आत, हाताशी धरायला एक दांडा, आणि जमिनीला आवळायला पट्टे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत देशभराच्या यंत्रांचे सुटे भाग घडतात. तिथल्या वेल्डिंगच्या कारागिराला नकाशा दिला तर लोखंडी पाइपांची ही चौकट तो एका दिवसात करून देईल, आणि मोडली तर दुरुस्तही तोच करील. परदेशी सामानाला ती सोय नाही. बोचिया हा तर हातपाय जवळजवळ न हलणाऱ्या मुलांचा खेळ. सहा तांबडे, सहा निळे आणि एक पांढरा चेंडू. पांढऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू न्यायचा. ज्याला हातानं फेकता येत नाही तो उतरत्या पन्हाळीवरून चेंडू सोडतो, पन्हाळीची दिशा तो सांगेल तशी मदतनीस ठेवतो, आणि त्या मदतनिसाला खेळाकडं वळून बघायची परवानगी नसते. निर्णय पूर्णपणे खेळाडूचा. ज्या मुलाच्या आयुष्यातला आंघोळीपासून जेवणापर्यंतचा प्रत्येक निर्णय दुसरा कुणी घेतो, त्याला तासभर हा अधिकार मिळणं केवढं असेल! खेळायला जागा लागते १२.५ बाय ६ मीटर सपाट फरशी. खानापूरच्या पावसात चार महिने मैदान बंद असतं, पण देवळाचा सभामंडप, समाजभवन, शाळेचा हॉल कुठल्या गावात नाही?

पैसा कुठून? ग्रामपंचायतींनी स्वनिधीतला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा दंडक कर्नाटकातही आहे, महाराष्ट्रातही. तो वर्षाअखेरीस बहुधा वस्तुवाटपात जातो. पाच-सहा पंचायतींनी मिळून त्यातला थोडा भाग एका सराव केंद्राला दिला तर चौकट, चेंडू आणि सहायकाचं मानधन त्यात बसतं. पंचायत पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते नेमलेले आहेत. बहुतेक स्वतः दिव्यांग आहेत. कुठल्या घरात कोण आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. यादी करायला नवी यंत्रणा नको.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. मुलग्यांना आणायला बाप तरी तयार होतो, मुलीला घराबाहेर काढायला कुणी नसतं. सोबतीला कोण येणार, कपडे कसे, स्वच्छतागृह आहे का, लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील. यांतले काही प्रश्न अगदी रास्त आहेत. स्वच्छतागृह नसलेल्या मैदानावर मुलीनं यावं, असं मी म्हणू शकत नाही. पण कर्नाटकात शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून मायलेकींचा साध्या बसचा प्रवास फुकट झाला आहे, निदान भाड्याची सबब उरलेली नाही. महिला सहायक नेमली, वेळ दुपारची ठेवली, दोघी-तिघी शेजारच्या गावच्या मुली एकत्र आल्या, की घरचे पाठवतात. एकटीला पाठवत नाहीत.

यंदा सुरुवात कुठून करायची, तर दसऱ्याच्या क्रीडा स्पर्धांपासून. राज्यभर त्या तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, मग विभाग. प्रत्येक तालुक्यात मैदान आखलेलंच असतं, पंच आलेले असतात, टेप आणि शिट्ट्या असतात. त्यात तीन प्रकार वाढवायचे: बसून गोळाफेक, अंध धावपटूंची सोबत्यासह शंभर मीटर, आणि बोचिया. वेगळ्या दिवशी, वेगळ्या मांडवात नकोत. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, कबड्डी आणि खो-खोच्या मधल्या वेळेत, सगळ्या पोरांसमोर. मागणीचं निवेदन तालुका क्रीडा अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी दोघांनाही द्यावं लागेल, आणि ते पावसाळ्याच्या तोंडावरच द्यायला हवं, कारण स्पर्धांचं वेळापत्रक एकदा छापलं गेलं की त्यात नवा खेळ घालायला कुणी तयार होत नाही.